पाळकसाहेबांनी कुणाशी बोलावं? सेवेतल्या माणसांसाठी समुपदेशन, सोप्या भाषेत

आमच्या भागातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, बैठकीत मी पाळकांसाठी, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या धर्मगुरूंसाठी, समुपदेशनाचा विषय काढला. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी काळजीनं विचारलं, "काहून वं बाई, आपल्या पाळकसायबाले काही झालं काय?" ते घाबरलेच होते. समुपदेशन म्हणजे डोक्याचा आजार, डोक्याचा आजार म्हणजे नागपूरचं मेंटल हॉस्पिटल, आणि तिथे पोचलेला पाळक म्हणजे विश्वासात कमी पडलेला माणूस, अशी साखळी त्यांच्या मनात क्षणात तयार झाली. हा लेख त्या आजोबांसाठी आहे आणि पाळकनिवासात राहणाऱ्यांसाठीही. मी स्वतः तिथेच वाढले.

आधी ओझ्याबद्दल. खेड्यातल्या पाळकाचं काम रविवारच्या उपदेशावर संपत नाही. सकाळी एका गावात उपासना, दुपारी पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात, बुधवारी घरसभा, शुक्रवारी उपास-प्रार्थना. मधल्या दिवसांत कुणाच्या मुलाला वसतिगृहात प्रवेश हवा असतो, कुणाच्या सुनेला सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, कुठे दोन भावांत धुऱ्यावरून भांडण लागलेलं असतं. आणि यवतमाळ, वर्धा, अमरावती, बुलडाणा या पट्ट्यात पाळकाला एक काम असं पडतं, ज्याची सवय कधीच होत नाही. कर्जानं खचलेल्या शेतकऱ्यानं जीव दिला की घरच्यांच्या हाकेला आधी पोचणाऱ्यांत तो असतो. पंचनामा होईपर्यंत तो त्या बाईजवळ बसतो. दफन तोच करतो. "माझा मालक स्वर्गात गेला ना, पास्टर?" या प्रश्नाचं उत्तरही त्यालाच द्यावं लागतं. मग तो घरी येतो आणि जेवायला बसतो.

माझे वडील असे एकदा लुनावरून परत आले आणि रात्र होईपर्यंत बूट न काढता ओसरीत बसून राहिले. आई म्हणाली, त्रास देऊ नका, प्रार्थना करताहेत. आम्हालाही तसंच वाटलं. आज मला माहीत आहे की ती प्रार्थना नव्हती. दुसऱ्याचं दुःख रोज अंगावर घेणाऱ्या माणसाला त्याची झळ लागते. झोप उडते, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतं, हळूहळू मन बधिर होतं. डॉक्टर, नर्स आणि पोलिसांच्या बाबतीत हे आता मान्य झालं आहे. पाळकाचं मनही त्याच मातीचं आहे.

कामाच्या अतिताणाला जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, जागा दिली आहे. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलं आहे. तिची तीन लक्षणं सांगितली आहेत : शक्ती पूर्ण संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. आता हे पाळकाला लावून बघा. थकवा आला तर तो म्हणतो, प्रभूच्या सेवेत थकायचं नसतं. कडवटपणा आला तर म्हणतो, माझी प्रीती थंडावली. काही जमेनासं झालं तर म्हणतो, माझं पाचारणच, सेवेसाठी आलेली देवाची हाकच, खरी नव्हती. कामाचा ताण त्याच्या मनात पापाच्या खात्यावर चढतो. इतर नोकरदारांपेक्षा त्याचं दुखणं वेगळं होतं ते इथे, आणि म्हणूनच त्याला मदत मागायला दुप्पट लाज वाटते.

पैशाचं थोडक्यात सांगते. अर्पण पिकाबरोबर चालतं. कापूस विकला की पेटी भरते, सोयाबीन पावसात सापडलं की रिकामी राहते. मेळघाटात किंवा गडचिरोलीत स्वतंत्र मंडळी चालवणाऱ्या कितीतरी सेवकांना ठरलेला पगारच नसतो. ते मजुरी करून, शेती करून सेवा करतात. जुन्या संघटित चर्चमध्ये पगार आणि घर मिळतं, पण घर चर्चच्या मालकीचं असतं. सेवा सुटली की छप्परही सुटतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घरातली माणसं

पाळकाच्या बायकोला गावात स्वतःचं नाव फार कमी वेळा असतं. ती मॅडम असते, नाहीतर पाळकीणबाई. महिला मंडळ, संडे स्कूल, आलेल्या-गेलेल्याचा चहा, नाताळच्या फराळाची देखरेख हे सगळं तिच्याकडे असतं, आणि त्याचा पगार कुणी देत नाही. मंडळीतल्या कुठल्याही बाईला घरात त्रास झाला तर ती पाळकाकडे जाऊ शकते. पाळकाच्या बायकोनं कुठे जायचं? तिचा पाळक तिचा नवराच आहे. महिला मंडळात बोलली तर उद्या सगळ्या गावात होईल. माहेरी सांगितलं तर "सेवेत असं चालायचंच" हे उत्तर तयार असतं. माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या अशा एका बाईंनी पहिल्या भेटीत अर्धा तास फक्त स्वयंपाकघराच्या गळणाऱ्या पत्र्याबद्दल सांगितलं. पत्र्यावरून बोलता येत होतं, म्हणून त्या तिथून सुरू झाल्या.

मुलांचं ओझं कुणाच्या लक्षातही येत नाही. सातवीपर्यंत मी चौथ्या शाळेत होते. बदली झाली की मैत्रिणी संपायच्या. कमिटीची भांडणं भिंतीपलीकडून ऐकू यायची आणि रविवारी त्याच काकांना हसून सलाम करायचा असायचा. "पाळकाची पोरगी असून?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे ते कुणी न बोलताही ऐकू येऊ लागलं. इतर घरांत पोरगं उपासनेला जायचं नाही म्हणालं तर तो त्या घराचा प्रश्न असतो. पाळकाच्या घरात तीच गोष्ट बापाच्या इभ्रतीवर जाते. मग मूल आपली शंका कुणालाच सांगत नाही, आणि एक दिवस घरापासून आणि देवापासून एकदमच लांब जातं.

कॅथलिक फादर आणि सिस्टर यांचं एकाकीपण वेगळ्या जातीचं असतं. जोडीदार नाही, आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं, आणि विदर्भात सेवा करणारे कितीतरी जण केरळसारख्या दूरच्या राज्यातून आलेले. घरी म्हातारी आई आजारी पडली तरी निघायचं कधी, हे वरिष्ठ ठरवणार.

समुपदेशन म्हणजे नक्की काय

प्रशिक्षित माणसाबरोबर, ठरलेल्या वेळी, बंद दाराआड, गुप्ततेच्या अटीवर केलेलं बोलणं म्हणजे समुपदेशन. एक भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते, आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा. समुपदेशक उपदेश करत नाही. नवीन माणसाला हेच सगळ्यात विचित्र वाटतं. पाळकसाहेब येतात, सगळं सांगतात आणि मग "आता सांगा काय करू" म्हणून थांबतात, कारण ते स्वतः लोकांना असंच सांगत आलेले असतात.

एक उदाहरण देते. ही कुणा एकाची गोष्ट नाही. अनेकांच्या गोष्टी एकत्र करून आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकून ती रचली आहे. एक पाळक म्हणतात, "मला हल्ली सगळ्यांचा राग येतो. पोरावर हात उगारला काल." समुपदेशक विचारतो, राग येण्याआधी दिवस कसा गेला? मग झोप किती झाली? फोन रात्री किती वाजेपर्यंत सुरू असतो? असा एक आठवडा कागदावर मांडला की पाळकांना दिसतं की सात दिवसांत एकही संध्याकाळ घराची नव्हती. मग प्रश्न येतो : "आज येणं जमणार नाही" असं मंडळीला शेवटचं कधी म्हणालात? ते बराच वेळ गप्प राहतात. कधीच नाही. का नाही? नाही म्हटलं तर लोक म्हणतील हा भाड्याचा मेंढपाळ आहे, पगारापुरता राबणारा, कळपाची पर्वा नसलेला. ही भीती पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडते आणि तिच्याबद्दल बोलता येऊ लागतं. पुढच्या भेटीपर्यंत एकच प्रयोग ठरतो : मंगळवारी संध्याकाळी फोन मंडळीतल्या एका वडिलांकडे (चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठाकडे) राहील, जीवघेणी अडचण असली तरच ते घरी निरोप देतील. त्यातून काय झालं यावर पुढची भेट होते. यात जादू काहीच नाही. ताण कुठे पडतो ते शोधायचं, तिथे छोटा बदल करायचा, परत बघायचं.

"मग प्रार्थना कशाला?" हा प्रश्न मला हमखास येतो आणि तो रास्त आहे. प्रार्थनेत माणूस देवाशी बोलतो, पापकबुलीत पापाची क्षमा मागतो. समुपदेशनात तो स्वतःच्या मनाचे धागे दुसऱ्या माणसाच्या मदतीनं सोडवतो. तिन्हींची जागा वेगळी आहे. मोतीबिंदू झाल्यावर आपण प्रार्थना करतो आणि ऑपरेशनही करून घेतो, आणि त्यात कुणाला अविश्वास दिसत नाही.

ऐकणारा कोण असावा

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. बहुतेक चर्चमध्ये थकलेल्या पाळकाला सांगतात की वरिष्ठांशी मोकळं बोला. वरिष्ठ प्रेमळ असतील, शहाणे असतील, ऐकूनही घेतील. पण बदलीच्या कागदावर त्यांचीच सही असते, घर त्यांच्या अखत्यारीत असतं आणि पुढची नेमणूक तेच ठरवतात. ज्याच्या हाती आपलं छप्पर आहे त्याच्यापुढे "माझा विश्वास डळमळतोय" किंवा "आमचं नवरा-बायकोचं पटत नाही" हे कोण बोलेल? आणि बोलला नाही तर तो खोटा ठरत नाही, तो आपल्या पोराबाळांचा विचार करत असतो. मंडळीतले वडीलही इथे चालत नाहीत, कारण पुढच्या बैठकीत ते त्याच्या कामाचा हिशेब घेणार असतात. मित्र पाळक बरा वाटतो, पण वर्तुळ इतकं लहान असतं की आर्वीत बोललेलं पुढच्या रविवारी वणीत पोचतं.

म्हणून ऐकणारा बाहेरचा हवा. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो. लाखोंच्या त्या छावणीत त्याला कुणी थांबवत नाही, कारण प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी हवं असतं. थांबवतो तो त्याचा सासरा इथ्रो. तो मिद्यानी आहे, छावणीबाहेरून आलेला आहे, मोशेच्या हाताखाली नाही आणि मोशेवर अधिकारीही नाही. तो बघतो आणि सांगतो, तू करतोस ते बरं नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही झिजतील. आमच्या उपदेशांत हा अध्याय कामाच्या वाटपासाठी नेहमी येतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला इथ्रो आणखी काय करतो ते मात्र कुणी सांगत नाही : मोशेनं माहेरी पाठवलेली बायको सिप्पोरा आणि दोन मुलगे यांना तो बरोबर घेऊन येतो. कामाबद्दल बोलायच्या आधी त्यानं घर एकत्र आणलेलं असतं.

आपल्याकडे चर्चची रचना अनेक प्रकारची आहे. उत्तर भारतीय चर्च तर १९७० साली नागपुरातच स्थापन झालं. त्याशिवाय कॅथलिक धर्मप्रांत आहेत, अकोला-खामगावकडचं अलायन्स मिशनचं काम, यवतमाळकडचं फ्री मेथडिस्ट चर्च, आणि असंख्य स्वतंत्र मंडळ्या. रचना कुठलीही असो, समुपदेशक निवडताना एकच कसोटी लावा : तुमची नोकरी, घर किंवा बदली यांवर या माणसाचा काही हात आहे का? असेल तर तो कितीही चांगला असला तरी या कामासाठी नाही.

ख्रिस्ती समुपदेशक मिळाला तर पाचारण, मंडळी, प्रभुभोजन हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, हा फायदा खरा आहे. पण अप्रशिक्षित ख्रिस्ती माणसापेक्षा प्रशिक्षित हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम समुपदेशक बरा, असं मी स्पष्ट सांगते. शिक्षण विचारा, अनुभव विचारा. "मी लोकांना सल्ले देतो" म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

गुप्तता हा तर कायद्यानं दिलेला हक्क आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या २३ व्या कलमानुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. बिशपांनी, कमिटीनं, अगदी नवऱ्यानं विचारलं तरी. या गुप्ततेला मोजके अपवाद आहेत, मुख्यतः जिवाला धोका असेल तेव्हाचे. शिवाय लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवावंच लागतं. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगतो. चर्चनं फी भरली तर चर्चला फक्त किती भेटी झाल्या ते कळावं. काय बोलणं झालं, ते नाही.

बोलून भागत नाही तेव्हा

उदासी सगळ्यांनाच येते. पण बहुतेक दिवस, दिवसातला बराचसा वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि हे दोन आठवडे किंवा जास्त चाललं असेल, तर नैराश्याचा विचार करून डॉक्टरांना दाखवायला हवं. सोबत पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, भूक जाणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं, स्वतःला नालायक समजणं, मरणाचे विचार. पाळक मंडळी हे सांगत नाहीत. ती ॲसिडिटी, डोकेदुखी, पाठदुखी सांगतात. महिनोन्महिने गोळ्या घेऊन पोट बरं होत नसेल तर मनाबद्दल विचारा.

मनोविकारतज्ज्ञ हे एमडी झालेले डॉक्टर असतात आणि औषधं तेच देतात. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. ती दारूसारखी सवय लावत नाहीत, पण डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या ही वेगळी वस्तू आहे. त्यांची सवय लागते.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट मी याच ठिकाणी सांगते. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवल्यावर तो रानात पळतो, सेवकाला मागे ठेवून एकटा जातो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. आधी झोप, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. प्रश्न नंतर विचारला जातो, तोही दोनदा, आणि एलीया दोन्ही वेळा तीच तक्रार शब्दन् शब्द सांगतो. ती ऐकून घेतली जाते.

मरणाचे विचार येत असतील तर थेट विचारा. "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध दुसरीकडे हलवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हेही माहीत असू द्या की त्याच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. दवाखान्यात न्यायला पोलिसांच्या भीतीनं उशीर करू नका.

एक गोष्ट बोलायलाच हवी

कधी कधी घरातलं दुःख म्हणजे पाळक स्वतःच असतो. तो बायकोला मारतो, किंवा पैसे, फोन, माहेर सगळं तोडून तिला कोंडतो. अशा बाईला "क्षमा कर, सेवेला काळिमा लागेल" असं सांगणारी माणसं चर्चचं भलं करत नाहीत, तिला धोक्यात ढकलतात. इथे दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करू नये, कारण तिथे जे ती बोलेल त्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजेल. आधी तिची सुरक्षितता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२.

जायचं कुठे

सगळ्यात जवळचं दार म्हणजे फोन. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा सुरू आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची सेवा मिळते, जाण्याआधी वार विचारून घ्या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी मेघे इथे मनोविकार विभाग आहेत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही आहेत. जिथे कुणी ओळखत नाही अशा जिल्ह्यात जायचं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. खूप जण तेच करतात.

गावातली माणसं या वाटेला येणारच नाहीत, असं कुणी म्हटलं तर मी अमरावती जिल्ह्याचं उदाहरण देते. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या लोकांना प्रशिक्षण दिलं, डॉक्टरांशी जोडून दिलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं, ते दीड वर्षात सुमारे २७ टक्क्यांवर गेलं. सेवा जवळ आली आणि ऐकणारा विश्वासाचा निघाला, की माणसं येतात.

मंडळीला करण्यासारखं फार अवघड नाही. आठवड्याचा एक दिवस पाळकाचा, आणि तो खरोखर त्याचा. वार्षिक हिशेबात पाळक कुटुंबाच्या आरोग्यासाठी एक रक्कम, जिच्या बिलावर आजाराचं नाव मागितलं जाणार नाही. दफनानंतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी डबा घेऊन त्याच्या घरी जाणं. आणि मॅडमना वर्षातून काही दिवस महिला मंडळातून सुट्टी, कारण न विचारता.

फोन हातात घेऊन अडलेले लोक मला खूप भेटतात. नंबर असतो, पहिलं वाक्य नसतं. ते असं असू शकतं : "मी चर्चमध्ये सेवा करतो. तीन आठवडे झाले, रात्री झोप लागत नाही. कुणाशी बोलावं कळत नाही, म्हणून फोन केला." नाव सांगायची घाई नाही. पुढचा प्रश्न समोरचा विचारतो.